चेकवरचा ळ

आमच्या आडनावात एक ळ आहे. आडनाव काही मी सांगणार नाही, सांगून कोणाचं काय भलं होणार आहे? पण तो ळ लक्षात ठेवा. त्याच्यापायी एका शनिवारी माझं इंजिनिअरिंग जाता जाता राहिलं, आणि त्याच्यापायीच मी माझ्या बापाबद्दल भरल्या बँकेत जे बोलले ते आठवलं, की आजही स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

आता भिलाईत, सुपेल्याच्या बाजारात भाजीवालीसुद्धा टोपलीला तो चौकटीचौकटींचा कागद चिकटवून बसते. मी मोबाईल काढते, अंगठा टेकवते, कुठंतरी टुणकन वाजतं आणि पालक पिशवीत पडतो. नोट नाही, सही नाही, काही नाही. पोरं म्हणतात, किती सोय झाली! झालीच सोय, मी कुठं नाही म्हणते? पण अंगठा टेकवला की माझं डोकं फिरतं, आणि ती भाजीवाली बिचारी उगाच माझं तोंड बघत बसते.

गोष्ट छत्तीसगड व्हायच्या आधीची, इथं मध्य प्रदेश होता तेव्हाची. आम्ही भिलाईला कॅम्प-१मध्ये राहायचो. बाबांनी भंडाऱ्याकडची धानाची शेती भावांच्या हवाली केली होती आणि पोलादाच्या प्लांटमध्ये लागले होते. रिगर होते ते. म्हणजे हत्तीएवढाली यंत्रं दोरानं, साखळीनं बांधायची आणि वरच्या क्रेनवाल्याला हातानं इशारा करायचा. गाठ चुकली तर खाली उभा असलेला माणूस गेलाच समजा. बाबांची गाठ कधी चुकली नाही. शाळेचं तोंड मात्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

पगार तेव्हा रोख मिळायचा. त्या दिवसाला सगळी भिलाई 'पेमेंट' म्हणायची. खिडकीसमोर लाईन लागायची, टोकन नंबर पुकारला की पुढं व्हायचं, जांभळ्या शाईत अंगठा बुडवून कागदावर उठवायचा आणि पाकीट घ्यायचं. शाई पुसायला बाबा अंगठा डोक्याच्या केसांवर घासायचे, तरी नखाच्या कडेला जांभळं राहायचंच. ते दारात सायकल उभी करत असले की आम्ही बहिणी आधी त्यांचा अंगठा बघायचो. जांभळा असला की हँडलला जिलबीचा पुडा लटकलेला असायचा.

मी आठवीत असताना नोटीस लागली, की यापुढं पगार हातात नाही, बँकेत. बाप्पा रे, काय तो गोंधळ! गल्लीतला माणूस न् माणूस बोलून राहिला होता. आमच्या शेजारचे काका बाबांच्याच कामाच्या गँगमध्ये होते, ते दारात बसून ओरडायचे, "दिसन नाई, हातात येईन नाई, मंग कामावर जाच कायले?" बँकेत खाती दोन प्रकारची होती. सही करणाऱ्याला चेकबुक मिळायचं, आणि चेक घेऊन घरातलं कोणीही पैसे आणू शकत होतं. अंगठेवाल्याला चेकबुक नाही. त्यानं दर वेळी स्वतः जायचं, पासबुकावरचा फोटो दाखवायचा आणि साहेबासमोर अंगठा उठवायचा. त्यांची लाईन वेगळी होती, भिंतीकडची.

बाबा ती लाईन बघून आले आणि जेवायला बसले. मग मला म्हणाले, "पोरी, मले सही शिकव. मी काई त्या भितीकडच्या लाइनीत उभा नाई राहनार."

पंधरा दिवस लागले. धानाचं पोतं उचलावं तशी ते पेन्सिल धरायचे, टोक मोडायचं, वही फाटायची. आणि मी खेकसायची. माझा स्वभाव तेव्हापासूनच असा, अंगाला हात लावू न देणारा. "बाबा, हे काय क्रेननं उचलाचं आहे? हलक्या हातानं लिवा ना!" दिवसभर ज्यांच्या एका इशाऱ्यावर लोखंड हलायचं ते माझ्यासमोर मान खाली घालून बसायचे आणि म्हणायचे, "हव बाई, हव."

आता त्या ळ बद्दल. तो आमच्या घरात कोणाच्याच तोंडात नव्हता. आमच्या भंडाऱ्याकडं शाळेला शारा म्हणतात, डोळ्याला डोरा. ळ आला की र होतो. आणि मी शिकले हिंदी शाळेत. तिथं पहिलीतच मास्तरांनी हजेरीत आमच्या आडनावात ल लिहून टाकला होता. मी तोच लिहायची आणि बाबांनाही तोच शिकवला. ळ मला येत नव्हता असं नाही, तो असतो हेच मला माहीत नव्हतं.

बँकेत खातं उघडायच्या दिवशी बाबा पांढरा बुशकोट घालून गेले. नमुन्याच्या कार्डावर त्यांनी तीन सह्या केल्या, तिन्ही सारख्या. घरी येऊन आईला म्हणाले, "बाबू म्हने, एकदम फर्स्ट क्लास. पाहाले पायजे होतं तू." नंतर गल्लीतल्या पाच-सहा जणांना तरी त्यांनी चेकबुक दाखवलं असेल. शिफ्टमुळे ते चार-पाच चेकांवर एकदमच सह्या करून ठेवायचे आणि गरज पडेल तसा एकेक घेऊन मी बँकेत जायची. त्या भिंतीकडच्या लाईनीत बाबा एकदाही उभे राहिले नाहीत. मला काय मोठेपणा वाटायचा! जसं काही मीच त्यांना त्या लाईनीतून ओढून काढलं होतं.

चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग मी बारावी झाले आणि इंजिनिअरिंगचा फॉर्म आला. त्यावर पालकाची सही हवी होती. बाबांनी केली. आई शेजारी बसली होती. गावच्या मराठी शाळेत ती चौथीपर्यंत गेलेली. वाचन तेवढंच, पण अक्षर असं की मोती. तिनं फॉर्म हातात घेतला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे कोनाचं आडनाव आहे?"

"कोणाचं म्हणजे? आपलंच."

"आपलं कावून? हे अक्षर चुकीचं आहे." तिनं कोनाड्यातली धाकटीची पाटी ओढली आणि त्यावर दोन वेटोळ्यांचं एक अक्षर काढलं. "आपल्यात हे आहे."

"हे काय अक्षर आहे?"

"र."

"आई, र असा नसतो."

"हा दुसरा र आहे," आई म्हणाली. मग तिनं शेजारी साधा र काढला. "हा पह्यला. रस्ता, राजा, त्याचा. आन् हा दुसरा, आपल्या नावातला. लगनाच्या पत्रिकेत पाय, सातबाऱ्यावर पाय. चार वर्सं झाले, मानूस दुसऱ्याच्याच नावानं सही करून राहिला आन् तुले ठाऊक नाई? शारेत जाते का काय करते?"

मी चिडले. म्हटलं, ल लिहा की ळ लिहा, काय फरक पडतो? पण बाबांना फरक पडला. मे महिन्याच्या दुपारी, पहिल्या शिफ्टवरून आले की ते ती पाटी घेऊन बसायचे. 'पह्यला र' त्यांनी दोन दिवसांत सोडला, तो त्यांच्या कामाचा नव्हता. 'दुसरा र' मात्र गिरवत राहायचे. मला त्याचं आश्चर्य वाटायचं. ल काढताना ते शिक्षा भोगल्यासारखे बसायचे, आणि हे एवढं अवघड वेटोळं त्यांना लगेच जमलं. "हे गाठीसारखं आहे," ते म्हणायचे. "इकडून घ्या, तिकडून काढा, ओढा. सोपं आहे." त्यांनी फॉर्मवरची सही खोडून नव्यानं केली. खाली आडनाव होतं, त्यात घट्ट ओढलेला ळ.

बँकेच्या कार्डावर ल आहे, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आईच्या येणार नव्हतं, बाबांच्या येणार नव्हतं. येणार होतं ते माझ्याच, घरातली शिकलेली मीच होते ना! आणि ल च्या सह्या केलेले जुने चेक जूनअखेर संपले.

जुलैतल्या एका शुक्रवारी, दुपार उलटून गेल्यावर पोस्टमननं कॉलेजचं पत्र आणलं. जबलपूरला माझा नंबर लागला होता. सोमवारी सकाळी दहा वाजता हजर राहायचं, फी ड्राफ्टनंच भरायची, रोख चालणार नाही. हजर न राहिल्यास जागा पुढच्या नंबरला देण्यात येईल. ही शेवटची ओळ मी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. पत्र वाटेतच आठवडाभर कुठंतरी पडून राहिलं होतं. शुक्रवारी बँक बंद झालेली, रविवारी सुट्टी. उरला शनिवार, आणि शनिवारी बँक बाराला बंद व्हायची. संध्याकाळी गाडी.

शनिवारी मी आणि बाबा पावणेदहालाच बँकेच्या दारात होतो. महिन्याचा पहिला आठवडा, त्यामुळं गर्दी अशी की विचारू नका. भिंतीकडची लाईन पार जिन्यापर्यंत गेली होती. आम्ही मधल्या खिडकीशी उभे राहिलो. बाबांनी तोच पांढरा बुशकोट घातला होता, कॉलर विरलेली. ड्राफ्टचा फॉर्म मी भरला. चेकवर सगळं मी लिहिलं. मग बाबांनी पेन घेतला आणि लोकांच्या धक्क्यात कोपर सांभाळत, जीभ दातात धरून सही केली.

अकराला पाच-दहा मिनिटं असताना बाबूनं चेक घेतला. आत गेला, लोखंडी कपाटातून कार्ड काढलं, बघितलं, परत आला.

"साइन नहीं मिल रहा."

मी म्हटलं, "नहीं मिल रहा मतलब?"

"मतलब नहीं मिल रहा. दूसरा चेक दीजिए. जैसा पहले करते थे, वैसा कीजिए."

बाबा म्हणाले, "घाई झाली असन," आणि त्यांनी दुसऱ्या चेकवर सही केली. या वेळी सावकाश, एकेक अक्षर. बाबू कार्ड सोबतच घेऊन आला होता. त्यानं ते खिडकीत टेकवलं आणि मला ते दिसलं.

पिवळट कार्डावर तीन सह्या, एकाखाली एक. ते अक्षर बाबांचं नव्हतंच, माझं होतं. माझी आठवीतली वळणं, माझा ल. बाबांनी दुसऱ्या चेकवरही ळ काढला होता, पहिल्यापेक्षा सुबक.

"ये भी नहीं मिल रहा," बाबू म्हणाला. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे भाई, आगे बढ़ो!" भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी बाबांच्या कानाशी लागले. मला ल म्हणायचं होतं, पण बाबांना अक्षरांची नावं कुठं येत होती? त्यांना आईनं शिकवलेलंच कळणार होतं. मी पुटपुटले, "बाबा, दुसरा र नका काढू. पह्यलेवाला काढा. पह्यला."

मला म्हणायचं होतं, पहिल्यांदा शिकलात तो, मी शिकवलेला तो. बाबांनी मान हलवली. तिसरा चेक घेतला. ज्या हातानं टनावारी लोखंड तोललं तो हात आता एकेका रेघेपाशी अडत होता, आणि मी त्यावर नजर लावून मनातल्या मनात म्हणत होते, लवकर, लवकर. त्यांनी नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि त्या जागी र काढला. पह्यला र. रस्ता, राजा, त्याचा.

बाबूनं तिन्ही चेक एकाशेजारी एक ठेवले. मग त्यानं चष्म्यावरून आधी बाबांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ये तो हर बार नया नाम लिख रहे हैं. और तुम कान में क्या बता रही हो? खाता किसका है?"

माय वं! लाईनीतल्या सगळ्यांचे कान टवकारले. बाबूनं कार्ड, चेक, पासबुक सगळं उचललं आणि साहेबाच्या केबिनमध्ये घेऊन गेला. आम्हाला आत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं बाबांना खुर्ची दाखवली, पण बाबा बसले नाहीत. केबिनचं दार उघडंच होतं आणि दारात निम्मी लाईन येऊन उभी राहिली होती.

साहेब म्हणाला, "देखिए, साइन में शक है तो मैं पैसा नहीं दे सकता. प्लांट से नया साइन अटेस्ट करा के लाइए. सोमवार को आइए, पाँच मिनट में काम हो जाएगा."

सोमवार. मी पत्र दाखवलं. त्यानं वाचलं, हळहळला, परत दिलं. "मैं समझता हूँ बेटी. लेकिन नियम है."

बाबा हात जोडून उभे होते. "साहब, मैंच हूँ. मेराच खाता है." त्यांची हिंदी तशीच होती, आमच्यासारखी. "एक बार और करने दो. अब बरोबर करूँगा."

पावणेबाराला दहा मिनिटं कमी होती. मला दिसत होतं, की बाबा आता चौथ्यांदा सही करणार आणि कोणतं अक्षर काढणार ते देवालाच ठाऊक. समजावून सांगायचं म्हटलं तर ल, र, ळ, आई, पाटी, हे सगळं रामायण त्या साहेबाला हिंदीत कसं सांगू? आणि सांगितलं तर चूक कोणाची निघणार होती? माझी. हे मला तेव्हा कळत होतं, हे मी आज लपवणार नाही. मला घाई होती, भीती होती, आणि जीभ तर आधीपासूनच तिखट.

मी मोठ्यानं म्हणाले, "सर, इनको लिखना-विखना कुछ नहीं आता. अनपढ़ हैं. साइन तो मैंने रटवाया था. आप अंगूठा लगवा लीजिए ना!"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी काहीतरी बरोबर उत्तर दिलं आणि ते त्यांना आधी सुचलं नाही, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं. मग त्यांनी जोडलेले हात सोडले आणि डावा हात पुढं केला.

"हव साहब," ते म्हणाले. "नहीं आता मेरे को. अंगूठा ले लो."

मग सगळं भराभर झालं. बाबांच्या गेटपासवर फोटो होता, पासबुकावर फोटो होता, दोन्हीतला माणूस समोर उभा होता. साक्षीला बँकेचा एक जुना शिपाई आला आणि लाईनीतले प्लांटचे एक फोरमन आले. फोरमनसाहेबांनी साक्षीची सही करताना एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान वळवली. शाईची डबी आली. तीच जांभळी शाई. बाबांनी अंगठा बुडवला आणि चेकच्या मागं-पुढं उठवला, जराही न अडता. साहेबानं लाल पेन घेऊन कार्डावरच्या तिन्ही सह्यांवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'अंगूठा'. बाकीचं चेकबुक त्यानं मागून घेतलं आणि ठेवून घेतलं. अंगठेवाल्याला चेकबुक नसतं.

खरं सांगू? तेव्हा मला लाज वाटली नाही. बाबा केसांवर अंगठा पुसत होते, आणि मी घड्याळ बघत होते.

शटर निम्मं खाली आलेलं असताना ड्राफ्ट माझ्या हातात पडला. बाहेर ऊन रणरणत होतं, पावसानं दडी मारली होती. बाबा सायकल हातानं ढकलत चालले होते आणि मी फाईल छातीशी धरून बाजूनं. मग ते म्हणाले, "कालेजचं नाव बरोबर लिवलं ना त्याच्यावर?"

"हो."

"पाय बरं एक डाव."

मी बघितलं. "बरोबर आहे."

"मंग झालं."

बाजाराच्या तोंडाशी मिठाईवाल्याचा ठेला होता. तिथं बाबांनी सायकल थांबवली आणि पाव किलो जिलबी मागितली. मी म्हटलं, "आता कायले जिलबी?" त्यांनी अंगठा माझ्यासमोर धरला. नखाच्या कडेला जांभळं राहिलं होतं.

"जांभरा झाला ना," ते म्हणाले आणि हसले. "मंग जिलबी तं घ्याच लागते."

तिथं, त्या ठेल्यापाशी, मला पहिल्यांदा कळलं मी काय बोलून बसले होते ते. मला म्हणायचं होतं, बाबा, चूक माझी होती, तुमची सही बरोबर होती, त्या बँकेत तुमचीच एकट्याची बरोबर होती. पण ठेलेवाला पुडा बांधत होता, लोक येत-जात होते, आणि मी त्या सगळ्यांसमोर काही बोलले नाही. साहेबासमोर बोलायला बरी जीभ उचलली होती माझी!

घरी आई ट्रंक भरून बसली होती. ड्राफ्ट बघून तिनं तो देवापुढं ठेवला. मग तिची नजर बाबांच्या हाताकडं गेली. "अंगठा कावून जांभरा झाला?"

मी ट्रंकेवर वाकले आणि उगाच कपडे दाबायला लागले.

"ड्राफ्टले लागते," बाबा म्हणाले. "साधी रक्कम काढाची तं सही चालते. मोठ्या कामाले अंगठाच घेते बँकवाले."

आईनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्या पाठीकडं. काय समजायचं ते समजली असेल. तिनं पाटी उचलून कोनाड्यात ठेवली आणि म्हणाली, "जेवून घ्या दोघं. गाडी चुकन."

सोमवारी दहाला मी जबलपूरला खिडकीसमोर होते. जागा मिळाली. मी इंजिनिअर झाले, नोकरी केली, आज मोबाईलवर अंगठा टेकवून भाजी घेते, ते सगळं त्या शनिवारच्या अंगठ्यावर. बाबा त्यानंतर रिटायर होईपर्यंत भिंतीकडच्या लाईनीत उभे राहिले. शिफ्ट सांभाळून, कधी सुट्टी टाकून. मी पुढं एकदा म्हटलं, की चला, नवी सही देऊन येऊ, मी येते सोबत. तर म्हणाले, "राहू दे वं. आता सवय झाली." मी जास्त जोर केला नाही.

आणखी एकच सांगते आणि थांबते. जबलपूरला गेल्यावर पहिल्या महिन्यात बाबांची मनिऑर्डर आली. हॉस्टेलच्या दारात पोस्टमन आला, माझं नाव पुकारलं. मनिऑर्डरच्या फॉर्मला तळाशी एक चिठ्ठीएवढा तुकडा असायचा, पाठवणाऱ्यानं दोन शब्द लिहायचे, घेणाऱ्यानं तो फाडून ठेवायचा. बाकीच्या मुलींच्या तुकड्यांवर असायचं, 'मन लगाकर पढ़ना', 'सब कुशल है'. माझ्या फॉर्मवर पत्ता आईच्या मोत्यासारख्या अक्षरात होता, आणि खालच्या तुकड्यावर संदेश काहीच नव्हता. फक्त सही होती. ठसठशीत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, कागद फाटेल इतकी दाबून केलेली बाबांची सही. आडनावात ळ, इकडून घेऊन, तिकडून काढून, घट्ट ओढलेला. तिथं ती कोणी कार्डाशी ताडून बघणार नव्हतं.

मी तो तुकडा धरून तशीच उभी राहिले. पोस्टमन घाईत होता. त्यानं फॉर्म पुढं केला, बोट ठेवलं. "यहाँ साइन करो."

मी पेन घेतला. नाव लिहिलं, आडनावाला सुरुवात केली आणि त्या अक्षरापाशी थांबले. ल लिहवेना. ळ काढायला गेले, तर पहिलं वेटोळं उलटंच वळलं. खोडलं. परत काढलं, तर नुसती शाईची गुठळी झाली. दोन मुली मागं उभ्या राहून फिदीफिदी हसायला लागल्या.

"क्या बहनजी," पोस्टमन म्हणाला, "इंजीनियरिंग पढ़ती हो और साइन करना नहीं आता?"

"नहीं आता," मी म्हणाले. "मेरे पिताजी को आता है."